रफीची गाणी अन् आमचे गुरुजी

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की गेलेल्या गायकाचा आवाज काढून दाखवणं म्हणजे काही त्याला श्रद्धांजली नव्हे, तर त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय यावेळी बाजूला ठेवले. काहींनी व्हॉइस मेसेज पाठवले, ते ऐकून लिहून काढलेत, शब्द थोडेफार इकडचे तिकडे झाले असतील. नावं सगळ्यांचीच गाळली आहेत, गावात उगाच चर्चा नको.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक. आम्ही काही रिटायर्ड मंडळींनी मिळून कराओके ग्रुप काढला आहे. दरवर्षी ३१ जुलैला रफीसाहेबांच्या पुण्यतिथीचा प्रोग्राम करतो. हॉल समाजमंदिराचा, साउंड भाड्याचा, तिकीट नाही, चहा आमच्याकडून. यंदा पुतण्या आला होता, पुण्याला इंजिनिअर आहे, तो घरी आल्यावर म्हणते, काका, ओरिजिनल गाणं मोबाइलवर फुकट ऐकू येते, मग तुम्ही काऊन त्या माणसाची गाणी खराब करून रायले? मले त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. खरंच आम्ही रफीसाहेबांवर अन्याय करतो का?
(एक वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : गुरुजी, आधी जेवून घ्या मग वाचा. पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. ओरिजिनल ऐकू येते हे खरंच, पण समाजमंदिरात जमलेली माणसं काही रफीसाहेबांचा आवाज ऐकायला आलेली नसतात, तो तर त्यांच्या खिशातच आहे. ती येतात ओळखीच्या माणसाच्या तोंडून ते गाणं ऐकायला अन् जमलं तर सोबत गुणगुणायला. रफी १९८० मध्ये गेले, वय अवघं ५५, अन् त्यानंतर जन्मलेल्या पोरांनाही त्यांची गाणी येतात. त्यात रेकॉर्डचा अन् रेडिओचा वाटा मोठा हे कबूल, पण बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, स्नेहसंमेलनात पेटी घेऊन बसणारे मास्तर अन् लग्नात माइक न सोडणारे मामा यांचाही आहेच ना थोडा.

आता न्याय-अन्यायाचं पाहू. फिल्मी गाण्यात गायकाचा हिस्सा नेमका कोणता? चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे, मधले म्युझिकचे तुकडे अरेंजरनं बांधलेले. मग गायकाकडे काय राहते, तर श्वास कुठं घ्यायचा, कोणत्या शब्दावर वजन द्यायचं, कुठं आवाज हलका सोडायचा, मुरकी कुठं घ्यायची अन् मुख्य म्हणजे कुठं नाही घ्यायची. हा हिस्सा कान देऊन शिकता येतो, मेहनत केली तर तुम्हाआम्हालाही थोडाफार साधतो. आवाजाचा पोत मात्र शिकता येत नाही, तो ज्याचा त्याच्यासोबत गेला. अन् आपल्याकडे होते काय, सगळे पोताच्याच मागे लागतात. नाकातून गातात, मान तशी हलवतात, रफी स्टेजवर हसायचे तसं हसून दाखवतात, अन् श्वास घेतात कुठं, तर मोबाइलच्या स्क्रीनवर ओळ जिथं तुटते तिथं! म्हणजे जे घ्यायला पाहिजे ते सोडलं अन् जे येणारच नाही त्याच्यासाठी घसा ताणला. मी अनेक वर्षं ऑर्केस्ट्रात अन् भजनी मंडळात पेटीवर बसतो, त्यामुळे हे फार जवळून पाहिलं आहे, 'व्हॉइस ऑफ रफी' अशी पाटी लागली की आम्ही साथीदार आधीच एकमेकांकडे पाहतो.

लताबाईंनी १९९२ मध्ये 'श्रद्धांजली' नावाचा अल्बम केला होता, तो ग्रुपमध्ये सगळ्यांनी बसून एकदा ऐकाच. सैगल, गीता दत्त, हेमंतकुमार, मुकेश, रफी, किशोरकुमार, हे सगळे तोवर गेलेले, अन् त्यांची गाणी लताबाई गायल्या. कव्हरच की ते, म्हणजे दुसऱ्याचं गाजलेलं गाणं आपल्या आवाजात पुन्हा गायलेलं. पण एवढ्या मोठ्या गायिकेनं एकाचाही आवाज काढला नाही, गाणी आपल्या पट्टीत घेतली, अन् सरळ गाऊन मोकळ्या झाल्या. आता मला त्यातलं सगळंच आवडलं असं नाही बरं का, लताबाईंच्या भक्तांनी रागावू नये, पण किशोरचं गाणं किशोरशिवाय मला तरी कोरडं वाटते, कारण त्यात त्याचं खिदळणं, शब्दाशी खेळणं एवढं मिसळलेलं असते की नुसती चाल वेगळी काढली तर हाती कमीच उरते. मुकेशचं तसं नाही. मुकेशचं गाणं कुणीही सुरेल माणूस मनापासून गायला तर उभं राहते. रफीचं गाणं मात्र लय दगाबाज आहे गुरुजी, ऐकताना वाटते हे तर आपल्याला सहज जमेल, अन् अंतऱ्यात वरचा सूर आला की मानेच्या शिरा बाहेर. त्यातही रफी वर जाताना ओरडत नाहीत, आवाज उलट गोड होत जातो, तिथंच सगळे नकलाकार पडतात.

नकलेला एवढी नावं ठेवतोय तर हेही सांगितलं पाहिजे की शिकायची सुरुवात बहुतेकांची नकलेनंच होते. मुकेश अन् किशोरकुमार दोघंही सुरुवातीला सैगलच्या ढंगात गायचे, ऐकणारे फसतील एवढं. पण ते तिथं मुक्काम करून राहिले नाहीत.

म्हणून माझं ऐकाल तर प्रोग्राम बंद करू नका, लहान करा. पंचवीस-तीस गाणी एका संध्याकाळी लावतात आपल्याकडे, त्यातली निम्मी बसवलेलीच नसतात, दहा ठेवा अन् ती नीट बसवा. शब्द पाठ पाहिजेत, निदान मुखडा अन् पहिला अंतरा, म्हणजे डोळे स्क्रीनवरून उठतील अन् श्वास जागेवर येईल. ट्रॅक खाली घ्यायची सोय अ‍ॅपमध्ये असते, दोन-तीन अर्धे सूर खाली घेतला तर काही बिघडत नाही, लाज तर अजिबात वाटू देऊ नका, त्याहून जास्त उतरवला तर मात्र ट्रॅकमधली वाद्यं भसाडी वाजायला लागतात, मग ते गाणंच सोडा, दुसरं घ्या. साउंडवाल्या पोराला सांगा इको कमी कर बाप्पा, त्यांना वाटते जेवढा इको तेवढा गायक मोठा. अन् निवेदन करताना संगीतकार अन् गीतकाराचंही नाव घेत चला, नेहमी रफी-रफी करून बाकीच्यांना गाळतो आपण. तिकीट लावत नाही हे बरंच आहे, हौशी मंडळानं फुकट श्रोत्यांसमोर गाणं गायला कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, तेव्हा पुतण्यानं त्या बाजूनं घेरलं तरी उत्तर तयार ठेवा.

प्रश्न : आम्ही मूर्तिजापूरचे, म्हणजे वसंतराव देशपांड्यांच्या जन्मगावचे. 'कट्यार काळजात घुसली' मधल्या पदांवरून घरात वाद आहे. बाबांचं म्हणणं, ती पदं वसंतरावांसोबतच संपली. मी सिनेमा पाहून या गाण्यांच्या प्रेमात पडले. नातवानं आजोबांची पदं गायली तर तीही कव्हरच म्हणायची का?
(एक विद्यार्थिनी, जि. अकोला)

उत्तर : बेटा, बाबांना सांग की नाट्यपदाला फिल्मी गाण्याचा कायदा लावू नका. फिल्मी गाणं स्टुडिओत एकदा रेकॉर्ड झालं की ते तसंच गोठून जाते, त्यामुळे ओरिजिनल म्हणजे काय हे नक्की असते. नाटकात तसं नसते. 'कट्यार' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, अन् वसंतराव खाँसाहेबांच्या भूमिकेत पदं गायचे ती काही दरवेळी मोजून तेवढीच नाही, त्या दिवशी गळा कसा लागला, समोर प्रेक्षक कसे बसलेत यावर पद वाढायचं, वळायचं. रेकॉर्डवर आलं ते त्यातलं एक. म्हणजे खुद्द वसंतरावच वसंतरावांसारखं दोनदा गात नसत, अन् त्यांची नक्कल कुणी करायला गेला तर कोणत्या दिवसाच्या वसंतरावांची करणार?

राहुल देशपांड्यांबद्दल लोक म्हणतात, काय ते घरातच होतं. पण वसंतराव १९८३ च्या जुलैत गेले तेव्हा हा नातू चार वर्षांचाही झाला नव्हता, मांडीवर बसून तालीम घेतली असं काही नाही. दुसऱ्या गुरूंकडे शिकून अन् आजोबांच्या रेकॉर्ड ऐकून केलेलं काम आहे ते. काही जागा ते अगदी आजोबांसारख्या घेतात, मला विचारशील तर त्या जागा मला कमी आवडतात, जिथं ते आजोबांना सोडून स्वतःच्या वाटेनं जातात तिथं मी सरसावून बसतो. २०१५ च्या सिनेमात तर एकाच नाटकाची गाणी शंकर महादेवन, राहुल देशपांडे, महेश काळे अशी तीन वेगळ्या वळणाची माणसं गायली, त्यात महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अन् तिघांतल्या कुणीही वसंतरावांचा तो फिरत्या तानांचा आक्रमक आवाज काढायचा प्रयत्न केला नाही, म्हणून तर तुझ्यासारख्या पोरी या गाण्यांकडे आल्या.

कुमार गंधर्वांचं उदाहरण बाबांना नक्की सांग. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवायचा हा मुलगा, त्याच्यावरच तर नाव झालं. अन् पुढे मोठेपणी बालगंधर्वांची पदं गायला बसले तेव्हा त्या कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. ज्याला नक्कल सगळ्यात चांगली जमत होती त्यानंच ती बाजूला ठेवली. अजून एक गंमत, गीतरामायण. आपल्याला ते बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातच आठवते. पण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती ५६ गाणी पहिल्यांदा लागली तेव्हा त्यातली बरीच दुसऱ्यांनी गायलेली होती, माणिक वर्मा, लताबाई, अन् हो, तुमचे वसंतरावसुद्धा. पुढे बाबूजी स्टेजवर सगळी स्वतः गायला लागले अन् लोकांच्या मनात तेच ओरिजिनल होऊन बसलं. आता काय म्हणायचं याला, संगीतकारानंच केलेलं कव्हर?

प्रश्न : आमच्या भागात खंजिरी भजन स्पर्धा होतात. यंदा एका मंडळानं राष्ट्रसंतांचं भजन डीजेवर वाजणाऱ्या एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीत बसवलं, पोरं नाचली, बक्षीसही त्यायलेच भेटलं. आमच्या मंडळातले जुने लोक लय नाराज आहेत. महाराज आज असते तर काय म्हणाले असते?
(एक भजनी, ता. तिवसा, जि. अमरावती)

उत्तर : महाराज काय म्हणाले असते हे मी कोण सांगणारा भाऊ, तुम्ही तर महाराजांच्या आश्रमाच्या, मोझरीच्या हाकेच्या अंतरावरचे. पण एक लक्षात घ्या, तुकडोजी महाराज स्वतः खंजिरीवर काय गायचे हे ज्यांनी समोर बसून ऐकलं ती पिढी आता फार थोडी उरली आहे, महाराज १९६८ मध्ये गेले. तरी भजनं जिवंत आहेत ती गावोगावच्या मंडळांनी रोजच्या सामुदायिक प्रार्थनेत अन् कार्यक्रमात ती गायली म्हणून. ही गाणी मुळात दुसऱ्यांनी गावी म्हणूनच केलेली, इथं मूळ गायक एकटाच धनी असं नाहीच. १४ एप्रिलला पाहा ना, वामनदादा कर्डक अन् प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ मध्ये गेले, पण गावच्या स्टेजवर त्यांची गाणी नाहीत असं एक गाव दाखवा, अन् कुणी म्हणते का की हे कव्हर आहे. शिंद्यांच्या घरात तर मुलं गातात, नातूही गातो, प्रत्येकाचा गळा वेगळा.

सिनेमाची चाल घेण्याचा मला तत्त्वानं राग नाही, आपल्याकडे भजनवाले, कीर्तनवाले, भीमगीतवाले सगळेच पहिल्यापासून चाली उचलत आले आहेत. सत्यपाल महाराज एकाच वेळी सात-सात खंजिऱ्या वाजवतात, ते काय जुन्या चौकटीत बसते का, पण लोक ऐकतात, कारण शब्द पोचतो. तुमच्या त्या मंडळाला मी परीक्षक असतो तर मागच्या रांगेतल्या एका आजीला विचारलं असतं की माय, आत्ता काय म्हणाले ते सांग बरं. तिला भजनातली एक ओळ सांगता आली असती तर बक्षीस. तिला हिरोइनच आठवली असेल तर मग नाही. जुन्या लोकांनी पण नाराज होऊन घरी बसू नये, पुढच्या वेळी पोरांच्या मंडळात जाऊन त्यांचा ठेका जरा सावकाश करून द्यावा.

प्रश्न : वडील वारल्यावर त्यांच्या पेटाऱ्यात जुन्या कॅसेटी सापडल्या. बाजारातून घेतलेली एक आहे, वर जुन्या सिनेमाचं नाव अन् हिरोचा फोटो, पण लावली तर आवाज मुकेशचा नाहीच, दुसराच कोणी. बाबा आयुष्यभर ती मुकेश समजून ऐकत होते. ही फसवणूक नाही का?
(एक वाचक, ता. वणी)

उत्तर : कोणत्या कंपनीची ते आपण इथं काढत नाही, पण तेव्हा अशा कॅसेटी आठवडी बाजारात ढिगानं मिळायच्या. जुन्या गाण्यांच्या असली रेकॉर्डिंगचे हक्क मोजक्या कंपन्यांकडे, कॅसेट महाग, खेड्यात तर पोचतच नव्हत्या. अन् १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं की रेकॉर्ड आधी एकदा निघालेली असली की मालकाला नोटीस अन् रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड करता येते. त्या वाटेनं ऐंशीच्या दशकात कव्हर कॅसेटींचा पूर आला. सगळेच काही लपवून विकत नव्हते, रफीच्या गाण्यांच्या कॅसेटवर सोनू निगमचं नाव उघड छापलेलं असायचं, कुमार सानूनं तशीच किशोरची गाणी गायली, अन् पुढे दोघांनी स्वतःचं नाव केलं ते वेगळं.

पण नाव बारीक अन् फोटो मोठा, हा धंदाही चाललाच. म्हणून २०१२ मध्ये कायदा बदलला. आता पाच वर्षं थांबावं लागते, वर्षाला निदान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो चालत नाही, अन् हे कव्हर व्हर्जन आहे असं छापावंच लागते. मुकेशवर अन्याय झाला तो दुसरा गायला म्हणून नाही, कोण गायलं हे सांगितलं नाही म्हणून. अन् त्या बिचाऱ्या गायकावरही झालाच, तुमच्या बाबांनी इतकी वर्षं त्याचं गाणं मन लावून ऐकलं अन् त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. कॅसेट फेकू नका, आतल्या कागदावर बारीक अक्षरात पाहा, नाव असेल.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर लताबाईंच्या आवाजात एक नवीनच गाणं फिरत आहे. एआयचं आहे म्हणतात. हे कव्हरपेक्षा बरं नाही का, आवाज तरी खराच!
(एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : नाही. कव्हरमध्ये निदान एक माणूस श्वास घेऊन गात असतो, त्याचं चुकते, त्याची पट्टी घसरते, पण जबाबदारी त्याची असते. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या, त्यानंतर कोणतं गाणं घ्यायचं अन् कोणतं नाही हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, अन् हयातीत तर याबाबतीत त्या फार काटेकोर होत्या. ए. आर. रहमाननं २०२४ च्या एका तमिळ सिनेमात दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, कुटुंबांची परवानगी घेऊन अन् मानधन देऊन, म्हणजे निदान रीतसर तरी केलं. एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा आवाज मात्र एका तेलुगू सिनेमात न विचारता वापरला म्हणून घरच्यांनी कायदेशीर नोटीस पाठवली. अरिजितसिंगच्या बाबतीत मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्ये त्याच्या आवाजाला संरक्षण दिलं, पण तो जिवंत आहे, स्वतः कोर्टात जाऊ शकते. गेलेल्याचं काय? घरच्यांनी हो म्हटलं तरी ते घरच्यांचं हो आहे. ते गाणं फॉरवर्ड करू नका, एवढंच आपल्या हातात आहे.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, गळा चांगला आहे, लताबाईंची जुनी गाणी गाऊन यूट्यूबवर टाकायची म्हणते. वरचे सूर किंचाळल्यासारखे येतात. टाकू द्यावं का?
(एक आई, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : टाकू द्या ताई. यूट्यूबवर कंपनीचा क्लेम, म्हणजे गाणं आमचं असा दावा येईल, तर घाबरू नका, बहुतेक वेळा व्हिडिओ राहते अन् जाहिरातीचे पैसे त्यांना जातात. असली रेकॉर्डिंगमधून गायिकेचा आवाज काढून टाकून बनवलेला ट्रॅक मात्र वापरू नका, गावात कुणी पेटी-तबलावाला असेल त्याला बसवा, नाही तर नुसत्या तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर गाऊ द्या. किंचाळल्यासारखं होते ते पट्टीमुळं, लताबाईंच्या पट्टीत गायचा हट्ट सोडायला लावा. तिला सकाळी सहज बोलता बोलता जो सा लागते तो धरा, त्यावर मुखडा गाऊन घ्या, अंतऱ्याचा सगळ्यात वरचा सूर न ओरडता लागला तर तीच तिची पट्टी, नाही लागला तर अजून अर्धा सूर खाली. अन् मोबाइलवर रेकॉर्ड कराल तेव्हा कूलर बंद ठेवा.